लांजेवार मावशींची आठ बोटं

लग्नाच्या पंगतीत बायका पिशवीतून काय काढतील? आहेराचं पाकीट, फार तर उरलेल्या जिलेबीसाठी डबा. लांजेवार मावशी कीबोर्ड काढतात.

खरा कीबोर्ड. कॉम्प्युटरचा, पूर्ण लांबीचा, काळा, उजव्या अंगाला आकड्यांची बटणं असलेला. त्याच्यासाठी जुन्या सतरंजीच्या कापडाची मापात शिवलेली पिशवी आहे आणि ती मावशींच्या खांद्यावर तलवारीसारखी लटकते. टेबल मिळालं की मावशी कीबोर्ड मांडतात, त्याची वायर मोबाईलला जोडतात, मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून उभा करतात, पदर खोचतात आणि दहाही बोटांनी व्हॉट्सॲप सुरू करतात. खडखडखडखड. बँडवाले वाजवता वाजवता मान वळवून बघतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नवीन माणूस विचारतोच, "मावशी, हे काहून?"

"मंग का अंगठ्यानं लिहू?" बोटं थांबत नाहीत. "मायनं दहा बोटं देल्ली बाप्पा. दोन काम करून राहिले, मंग आठ का रिटायर झाले?"

हा मावशींचा ठरलेला सवाल. नागपुरातल्या मनीषनगरात, आमच्या लेआउटमध्ये म्हणजे वसाहतीत, तो कुणाला चुकलेला नाही. दूधवाल्याला विचारून झाला, सोसायटीच्या अध्यक्षांना भर मीटिंगमध्ये विचारून झाला. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस मोबाईलवर काहीतरी लिहीत उभा होता, त्यालाही विचारला. तो बिचारा घाबरून म्हणाला, "नाही हो मावशी, मी तर अजून पर्मनंटच नाही झालो."

मी प्रणाली, मावशींच्या समोरच्या गल्लीत राहते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. का सांगू नये? माझे बाबा प्लंबर, आई ब्लाउज शिवते. दोघांचं शिक्षण एकावर एक ठेवलं तरी दहावीला हात पोचत नाही. त्यांची पोरगी बी.कॉम. आहे आणि आज रामदासपेठेतल्या एका ऑफिसात, एसीत बसून हिशेबाचं काम करते. त्या नोकरीच्या मुलाखतीत मला टायपिंग करून दाखवायला सांगितलं होतं. मी खाली न बघता पान उतरवलं तेव्हा समोरचे साहेब चष्मा काढून बघायला लागले. ते श्रेय मावशींचं.

मावशी एका सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या. मी अकरावीत होते तेव्हा त्यांनी मला धरून त्यांच्या घरी बसवलं, कीबोर्डवर माझे हात ठेवले आणि हातांवर टॉवेल टाकला.

"आता लिही."

"दिसत नाही ना मावशी."

"दिसाचं नाहीच हाय वं. चोर पाहते तशी खाली काहून पाहते?"

मग त्यांनी अंगठ्यांशेजारची माझी दोन बोटं धरून दोन बटणांवर टेकवली. कीबोर्डवर दोन बटणांना बारीकसा उंचवटा असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. "हे बोटाचं माहेर," मावशी म्हणाल्या. "इथून निघाचं, कुठंबी जाचं, आन काम झालं का इथंच वापस याचं. माहेर सापडलं का आंधारातबी लिहिता येते."

मोबाईलच्या काचेवर त्यांचा राग आहे तो याचसाठी. "काचेले माहेरच नाही वं! बोट ठेवलं का टेकलं, बोटाले कसं समजावं?" नाइलाजाने काचेवर लिहायची वेळ आलीच तर मावशी एक बोट वाकडं करून, तापलेल्या तव्यावर पाणी मारून बघावं तसं अक्षराला चटकन शिवतात आणि हात मागे घेतात. एक 'हाव', म्हणजे 'हो', लिहीपर्यंत भाजी चिरून होते. शिवाय काच मधेच स्वतःचा शब्द सुचवते, हा दुसरा गुन्हा. "माह्या तोंडातला घास हे काहून चावते?"

तिसरा गुन्हा म्हणजे पुसण्याची सोय. मावशींच्या तरुणपणी कचेरीत एक अक्षर चुकलं की साहेब आख्खा कागद नवीन करायला लावायचा. मावशींनी तो नियम व्हॉट्सॲपला लावला आहे. पाठवलेला मेसेज पुसणं त्यांना पळपुटेपणा वाटतो. एकदा लेआउटच्या ग्रुपवर त्यांनी मंगळवारी नळ येणार नाही असं टाकलं. नळ बुधवारी जाणार होता. दुसरा कुणी असता तर गुपचूप खोडून मोकळा झाला असता. मावशींनी वर 'शुद्धिपत्रक' असं लिहून, विषय, संदर्भ आणि 'उपरोक्त विषयान्वये' घालून सगळी सूचना नव्याने पाठवली. ती वाचून संपेपर्यंत बुधवार आला.

आमची एकदा शर्यतही झाली. मी तेव्हा नुकताच मोबाईल घेतला होता आणि माझे दोन्ही अंगठे असे पळायचे की कॉलेजातल्या मैत्रिणी थांबून बघायच्या. अध्यक्षांनी पाण्याच्या टँकरची सूचना मोठ्याने वाचायची, मी अंगठ्यांनी लिहायची आणि मावशींनी दहा बोटांनी, असं ठरलं. जिन्याच्या पायऱ्यांवर लोक बसले. माझं आधी संपलं. हे मी आजही ठासून सांगते, माझं आधी संपलं. मावशी म्हणतात, "तुयं आधी झालं, माहं नीट झालं." निकाल अजून लागलेला नाही, कारण अध्यक्ष दोघींनाही घाबरतात.

पण मावशींची लेआउटमध्ये खरी दहशत आहे ती टोमण्यांची. एका लग्नात नवरदेवाचा पत्ता नव्हता. मुलीचे काका घामाघूम, पाहुणे भुकेलेले, पत्रिकेतला मुहूर्त कधीच टळलेला. मावशी नेहमीप्रमाणे खडखड करत होत्या. थांबल्या, मोबाईलकडे बघितलं, गालातल्या गालात हसल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "नवरदेव उशिरा नाही आला बाप्पा. पत्रिकाच लवकर छापली." आख्खी पंगत हसली. मुलीचे काकासुद्धा हसले आणि एक खुर्ची ओढून बसले.

मीटिंगमध्ये अध्यक्ष लिफ्टवर बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. मावशींची खडखड, क्षणभर थांबणं, मग शांतपणे, "अध्यक्षसाहेब, तुमचं भाषण आन आपली लिफ्ट सारखीच हाय. वर जाते, पण कुठं थांबन हे कोणालेच माईत नाही."

गंमत अशी की या मावशी आधी अशा नव्हत्याच. आधी त्या चारचौघांत बोलायच्याच नाहीत. बोलायचे ते लांजेवार काका.

लांजेवार काका म्हणजे माईक. बारसं असो, वाढदिवस असो, ध्वजवंदन असो, काका पहिल्यांदा "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचे आणि शेवटचा पाहुणा चप्पल शोधेपर्यंत माईक सोडायचे नाहीत. पैसे घेत नव्हते. उलट माईक दुसऱ्याच्या हातात गेला तर त्यांना ताप यायचा. मी फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतली, त्याच आठवड्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला काकांनी भर कार्यक्रमात मला उभं केलं आणि जाहीर केलं, "हे पोट्टी ज्या दिवशी ग्रॅज्युएट होईन ना, त्या दिवशी माईक माह्या हातात पाहिजे. दुसऱ्या कोणं धरला तर वायर कापून टाकीन!"

बाबा मागे उभे होते. ते घरी येऊन आईला म्हणाले, "लांजेवारनं शब्द देल्ला. आता पोरीले नापास होता येत नाही."

मी नापास झाले नाही. पण काका सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचे. आमच्या नागपुरात खर्रा खाणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही, तो चहासारखा समजतात. मी सेकंड इयरला असताना काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा. गळ्यावर श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर पांढरा रुमाल. त्यानंतर काकांनी कार्यक्रमांना जाणं सोडलं. त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर मला लिहून दाखवलं, "लोक डोयाकडं पाहत नाही, गयाकडं पाहते."

त्याच दिवसांत मावशी बोलायला लागल्या. लेआउटमधल्या बायका म्हणायच्या, "काकाची जीभ मावशीले लागली वं." सगळे हसायचे, मीही हसायची. मावशींचा कीबोर्डही त्याच दिवसांत घराबाहेर पडायला लागला होता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग माझा निकाल लागला.

बाबांनी माझ्या सत्काराला हॉल घेतला तो धरमपेठेत, बड्या लोकांच्या वस्तीत. आईने विचारलं, "मनीषनगरात का हॉल नाही?" बाबा म्हणाले, "त्या धरमपेठेत मी मागच्या दारानं जाऊन नळ बसवले. आता समोरच्या दारानं जातो." एवढंच बोलले. नवीन निळा शर्ट आणला आणि घडी मोडू नये म्हणून जेवताना काढून ठेवायला लागले.

मी आणि बाबा काकांना बोलवायला गेलो. काकांनी नाही म्हणून मान हलवली आणि कॉम्प्युटरकडे वळले. त्यांचीही दहा बोटं मावशींसारखीच चालतात. दोघं एकाच टायपिंगच्या क्लासमध्ये भेटले होते, बर्डीच्या बाजारात. काका मजकूर वाचायचे आणि मावशी टाइप करायच्या. स्क्रीनवर उमटलं, "मी आलो तर लोक माह्याकडं पाहतीन. त्या दिवशी तुयाकडं पाहाले पाहिजे."

स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "माईक मी धरतो. शब्द घरातलाच हाय, घरातच राहीन."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी स्टेजवर हार घालून बसले होते. बाजूच्या टेबलावर मावशी. समोर माईक, कीबोर्ड आणि पाण्याच्या जगाला टेकवलेला मोबाईल. लोकांना वाटलं भाषण त्यात लिहून आणलं असेल. मावशींनी खडखड केली, थांबल्या, वाकून बघितलं आणि माईकमध्ये म्हणाल्या, "धरमपेठवाल्यांनो, तुमचे नळ आज गळू द्या. आज नळवाला पाहुणा हाय."

काय हसला हॉल! बाबांचे जोडीदार प्लंबर मागच्या रांगेत होते, त्यांनी तर शिट्ट्या मारल्या. बाबा लाजून इकडून तिकडे उगाच फिरायला लागले. आणि त्या भरात सगळ्यात आधी मान मावशींना द्यायचा म्हणून सावजी रश्शाची वाटी घेऊन स्टेजवर चढले.

"मावशी, आधी तुमी चाखा."

माईकच्या वायरीत पाय अडकला. वाटी कीबोर्डवर. लाल तर्री बटणांच्या गल्ल्यागल्ल्यांतून वाहत गेली.

मावशींनी कीबोर्ड उलटा केला, झटकला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मोबाईलवर आपोआप 'ककककककक' उमटायला लागलं. त्यांनी वायर ओढून काढली. बाबा "माफ करा, माफ करा" म्हणत वाटीच पुसत राहिले.

"मावशी, बोला ना पुढं!" हॉलमधून कुणीतरी ओरडलं.

मावशींनी मोबाईल हातात घेतला. वाकडं बोट काचेला शिवलं, मागे आलं. पुन्हा शिवलं. लोक थांबले, मग आपसात बोलायला लागले. "मावशी, आज का झालं? मीटर बंद पडलं का?" ज्यांचं उत्तर प्रश्नाआधी तयार असतं त्या मावशी काचेवर अक्षर शोधत होत्या. भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा पाहिली. एका कीबोर्डसाठी माणूस इतका घाबरत नाही. म्हणून मी वाकून मोबाईलमध्ये पाहिलं.

वर नाव होतं 'माईकवाले'.

खाली मावशींनी लिहिलेलं होतं, "प्रणाली हार घालून बसली. हाराखाली लपली पूर्ण. तिच्या बापाचा शर्ट निळा, घडी अजून हाय. अध्यक्ष पयल्या रांगेत, जागे हायेत. मागं सारे प्लंबर." त्याच्या खाली काकांचं उत्तर होतं, "धरमपेठवाल्यांनो, तुमचे नळ आज गळू द्या. आज नळवाला पाहुणा हाय." आणि त्याच्या खाली मावशींचं, "हसले. सारे हसले. प्लंबर लोकायनं शिट्ट्या मारल्या. अध्यक्षबी हसले."

नवरदेव, पत्रिका, लिफ्ट. सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जागेवर बसलं.

(हे मी दोघांना विचारून लिहिते आहे. मावशी नको म्हणाल्या. काकांचा निरोप आला, "लिही. पण जोक कोनाचे होते हे मोठ्या अक्षरात लिही.")

आता कुणी म्हणेल, फोन लावून का नाही दिला? मावशींनी सुरुवातीला लावून पाहिला होता. लग्नातल्या डीजेत आणि हॉलच्या भोंग्यात पलीकडे नुसती खरखर ऐकू जाते. आणि जोक वेळेवर पडला तर जोक, मागाहून पडला तर नुसती माहिती. कुणी काही बोललं की ते लगेच घरी पोचायला हवं आणि काकांचं उत्तर लोक विषय बदलायच्या आत परत यायला हवं. मावशींच्या एका बोटाने आणि काचेने ते कसं व्हावं? त्याला दहा बोटं लागतात.

मोबाईलवर काकांचे मेसेज येत होते.

"पुढं?"

"का झालं?"

"लिही ना वं."

"मले काहीच आयकू येऊन नाही राहिलं."

मी हात पुढे केला. "मावशी, द्या इकडं."

त्यांनी मोबाईल घट्ट धरला. "दोन अंगठ्यानं?"

"हाव. दोन अंगठ्यानं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं आणि मोबाईल दिला. मी हार वर सरकवला आणि सुटले. "काका, मी प्रणाली. बाबानं कीबोर्डवर रस्सा सांडवला. मी लिहून राहिली. लोक वाट पाहून राहिले. बाबा स्टेजवर वाटी घेऊन उभे हायेत, तोंड एवढंसं झालं."

पलीकडून क्षणात आलं, "दोन अंगठेवाली? जमन का तुले?"

"जमन."

"मंग धर. हे वाच म्हणा तिले."

मी मोबाईल मावशींपुढे धरला. मावशींनी घसा साफ केला आणि माईकमध्ये वाचलं, "मंडळी, घाबरू नका. या माणसानं आयुष्यभर लोकायचे लीकेज बंद केले. आज पयल्यांदा सोताचं लीकेज झालं."

हॉल हसून लोळला. मी लिहिलं, "हसले. अध्यक्ष टाळ्या वाजवून राहिले. आई तोंडावर पदर घेऊन हसून राहिली." तिकडून पुढचं आलं, मावशींनी ते म्हटलं, लोक हसले, मी पुन्हा कळवलं. माझे अंगठे इतके कधीच पळाले नव्हते, शर्यतीतसुद्धा नाही. स्टेजवर सत्कारमूर्ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आहे म्हणून माझी एक आत्या खालून डोळे वटारत होती. तिचंही मी काकांना कळवलं. तिच्यावरही एक आलं.

मग नुसतं 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. आणि आलं,

"मी पाह्यलं हाय, हे पोट्टी कूलरच्या पाण्यात पाय ठेवून अभ्यास करे. तिच्या मायनं मशीन बंद ठेवली परीक्षेत, आवाज होते म्हणून. बापानं टीव्ही नाही लावला. हे डिग्री तिघायची हाय. तिघायले स्टेजवर बोलवा. आन टाळ्या अशा वाजवा का मनीषनगरात आयकू आल्या पाहिजे."

मावशींनी ते वाचलं. एक अक्षरही चुकल्या नाहीत. आई स्टेजवर आली. बाबांना प्लंबर लोकांनी ढकलत आणलं. टाळ्या थांबेचनात.

मी लिहिलं, "आयकू आल्या का?"

"आल्या," काकांनी लिहिलं. "तुया बाप हसून राहिला का?"

मी मान वर केली. बाबा माझ्या खुर्चीशेजारी उभे होते. नव्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलेलं. घडी मोडली होती.

"नाही," मी लिहिलं. "रडून राहिले."

"मंग झालं माहं काम. माईक बंद करा, लोकायले जेवाले बसवा."

मी मोबाईल मावशींना परत दिला. त्यांनी माझं 'रडून राहिले' वाचलं, पुन्हा वाचलं. मग कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि काचेवर, माझ्यासारखे दोन अंगठे टेकवून, एक एक अक्षर शोधत, सावकाश लिहिलं, "मीबी."

बाकीची आठ बोटं मोबाईलला पाठीमागून घट्ट धरून होती.